त्याला काय कळते?

ज्या घरात मरण आले आहे, त्या घरात पहिल्या तासाभरात एक वाक्य हमखास कानी पडते. ‘लहान आहे अजून, त्याला काय कळतंय?’ कोणी शेजारीण ते म्हणते, कोणी मावशी म्हणते, क्वचित धर्मगुरूही म्हणतात. मग त्या मुलाला पलीकडच्या घरी नेतात, त्याच्यापुढे चहाबिस्किटे ठेवतात, बरोबरीच्या मुलांत खेळायला बसवतात आणि शवपेटी उचलली गेल्यावर मागच्या दाराने परत आणून सोडतात. आई कुठे आहे, असे त्याने विचारलेच तर देवाघरी गेली, मामाकडे गेली, अजून दवाखान्यातच आहे, यांतले जे सुचेल ते सांगितले जाते. यात कोणाच्या मनात वाईट नसते. उलट त्या गडबडीत मुलाची आठवण ठेवणारे तेवढेच एक माणूस असते.

तरीही या वाक्यापाशी आपण ख्रिस्ती घरांतील माणसांनी जरा अडखळावयास हवे, असे आम्हांस वाटते. पोप दहावे पायस यांनी १९१० साली काढलेल्या आज्ञापत्रात सुमारे सात वर्षे हे मुलाच्या विवेकाचे वय मानले गेले आणि त्या वयापासून त्याला प्रायश्चित्त संस्कार व ख्रिस्तप्रसाद द्यावा, असे ठरले. तेव्हापासून आपण सात-आठ वर्षांच्या मुलांना समोर बसवून शिकवीत आलो आहोत : दिवसभरात काय चुकले ते आठव, खोटे बोललास का, आईला उलटून बोललास का, खेद मान आणि सांग. म्हणजे या वयाचे मूल स्वतःचा अपराध ओळखू शकते, अशी आपली श्रद्धा आहे. मग त्याच मुलाला स्वतःच्या आईच्या मरणातले काही कळत नाही, हे कसे? अपराध कळतो आणि दुःख तेवढे कळत नाही, असे मन कोणाचे असते? याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. ज्या मुलाला आपण स्वतःचे दोष शोधावयास शिकवले, ते मूल घरात मरण आल्यावर काय शोधील?

प्रत्यक्षातली मुले याचे उत्तर सहसा देत नाहीत. ती खेळतात, जेवतात, शाळेत जातात, आणि ‘बघा, सावरला पोर’ असे म्हणून आपण निर्धास्त होतो. त्यांच्या मनात चाललेले ऐकू यावे, अशी एक जागा मात्र मराठीत आहे. ती म्हणजे आपली कथा-कादंबरी. तिच्यातील काही मुलांकडे आम्ही या एकाच प्रश्नासाठी पुन्हा वळून पाहिले.

पहिले नाव अर्थातच श्यामचे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला आणि १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून शाळाशाळांत ते बक्षीस म्हणून दिले जाते. आपल्याकडे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीही कित्येक मुलांच्या हाती ते पडते. आईचे थोर प्रेम आणि मुलावरील संस्कार म्हणून ते वाचायचे, असा जणू दंडकच झाला आहे. तो अर्थ खोटा नाही. पण हे पुस्तक सांगतो आहे कोण, इकडे आपले लक्ष जात नाही. सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आई जाऊन पुष्कळ वर्षे लोटली आहेत. संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर तो आश्रमातल्या मित्रांपुढे बसतो आणि रोज रात्री एकेक आठवण काढतो. आठवणी निवडतो त्या कोणत्या? पोहायला घाबरून लपून बसलेला श्याम, पैशाला हात लावणारा श्याम, आईवर रुसणारा, तिला टोचून बोलणारा श्याम. आईचे मोठेपण दाखवण्यासाठी त्याला दर वेळी स्वतःचा एखादा दोष आधी पुढे ठेवावा लागतो. हे पुस्तक म्हणजे एक दीर्घ पापनिवेदन आहे, असे आम्ही म्हटले तर आमच्या वाचकांना त्यात परके काही वाटू नये.

मात्र या निवेदनात एक गाठ आहे. लहानपणी श्यामने जे जे केले त्याचा निवाडा आईने त्या त्या वेळीच करून टाकला होता. तिने मारले, समजावले, रडली, जवळ घेतले, आणि प्रकरण मिटले. या अर्थाने त्याच्या अंगावर कोणतेही जुने कर्ज उरलेले नव्हते. उरले ते एकच, आणि त्यात त्याचा दोष कवडीचाही नाही. आई गेली तेव्हा तो जवळ नव्हता. शिक्षणासाठी तो आधी आमच्याच मुलुखातल्या औंधला आणि मग पुण्याला गेला होता. धाकटा भाऊ सदानंदही त्याआधी गेला होता. मनात काही वेडेवाकडे येऊन तो घराकडे धावला, पण पोहोचला तेव्हा सारे संपून गेले होते. (साने गुरुजींची आई १९१७ साली गेली, तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते.) ज्या गुन्ह्याची क्षमा करायला क्षमा करणारी व्यक्तीच उरली नाही आणि जो मुळात गुन्हाच नव्हता, त्याचे ओझे माणसाने उतरवायचे कोठे? श्याम ते थेट उतरवीत नाही. तो पाण्याची भीती सांगतो, चोरी सांगतो, रुसवा सांगतो. ज्यांची क्षमा मिळून चुकली आहे असे अपराध एकेक करून सांगत सांगत तो शेवटच्या रात्रींकडे येतो. आम्हांस वाटते, लहान अपराधांच्या या रांगेमागे तो एक मोठा न केलेला अपराध उभा आहे.

साने गुरुजींनी १९५० साली स्वतःचे जीवन संपवले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यावरून या पुस्तकात मागे जाऊन काही शोधणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. एवढेच लक्षात घ्यावे, की सतराव्या वर्षीच्या दुःखाला श्रोते मिळाले ते तेहतिसाव्या वर्षी, आणि तेही कागदावर.

मूल असे का करीत असेल? न केलेला अपराध अंगावर का ओढून घेत असेल? मोठी माणसे म्हणतात, अज्ञानामुळे. आमचे मत निराळे आहे. मरण आले म्हणजे मुलाच्या हातात काही उरत नाही. ते ज्यावर उभे होते ती जमीनच कोणी तरी न विचारता काढून घेतलेली असते. अशा वेळी ‘माझ्यामुळे झाले’ हा विचार भयंकर असला तरी ‘कशामुळेच झाले नाही’ या विचाराहून सोसायला हलका असतो. माझ्यामुळे झाले असेल तर निदान जगाला काही नियम आहे, आणि त्यात मलाही काही जागा आहे. मी त्या दिवशी पाणी दिले असते तर बाबा वाचले असते. या वाक्यात दुःख आहे, पण आशेचा एक कुजका तुकडाही आहे, आणि मूल तो सोडायला तयार नसते. मोठ्यांचे तरी वेगळे काय असते, असे कोणी विचारील. फरक एवढाच, की मोठी माणसे हे विचार एकमेकांपाशी बोलून दाखवतात, आणि कोणी तरी त्यांना ‘वेडा आहेस का’ म्हणते.

मुलाला तेवढेही कोणी म्हणत नाही, कारण त्याचे रडणेच आधी थांबवले जाते. याचे सर्वांत जुने आणि आम्हांस सर्वांत बोचणारे उदाहरण कादंबरीतले नाही. ते ख्रिस्तसभेच्या अगदी घरातले आहे. संत मोनिका ३८७ साली ऑस्तिया या बंदरात मरण पावली, तेव्हा तिचा पुत्र ऑगस्टीन जवळ होता. त्याने तिचे डोळे मिटवले आणि मोठ्या कष्टाने स्वतःचे अश्रू आवरून धरले. त्याच खोलीत त्याचा मुलगा अदेओदातुस होता, पंधरा वर्षांच्या आसपासचा. आजीने शेवटचा श्वास सोडताच तो मुलगा मोठ्याने आक्रोश करू लागला. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केले, आणि तो गप्प झाला. हे ऑगस्टीन स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात नोंदवतो. गप्प करण्याचे कारणही तो देतो. जे आशेवाचून मरतात त्यांच्यासाठी असा विलाप करायचा; मोनिका तर श्रद्धेत मेली होती, तिच्यासाठी रडणे शोभणारे नव्हते.

हे कारण आपल्याला ओळखीचे वाटावे. आपल्या अंत्यविधींत आजही ते निरनिराळ्या शब्दांत बोलले जाते. पुनरुत्थानावर विश्वास आहे ना, मग डोळे पूस. आई प्रभूजवळ सुखात आहे, तू रडलास तर तिला बरे वाटणार नाही. या शेवटच्या वाक्याने आपण काय करतो, याचा विचार आपण केलेला नसतो. मुलाच्या डोळ्यांतील पाण्याला आपण आईच्या स्वर्गातल्या दुःखाचे कारण ठरवून मोकळे होतो. अपराधभाव असा आपल्याच हाताने, प्रेमाने, त्याच्या झोळीत पडतो.

ऑगस्टीनचे पुढे काय झाले, तेही त्याने लपवले नाही. तो स्नानाला गेला, झोपला, उठला, आणि अंथरुणात एकटा असताना त्याने शेवटी स्वतःला रडू दिले. आईसाठी थोडा वेळ रडलो याबद्दल कोणी हसणार असेल तर हसो, अशा अर्थाचे तो लिहितो. त्या मुलाला मात्र तशी परवानगी कोणी परत दिली की नाही, ते पुस्तकात नाही. तो मुलगाही पुढे थोड्याच वर्षांत वारला. ऑगस्टीनने आत्मनिवेदन लिहिले ते त्यानंतर. गप्प केलेल्या मुलाची ती एक ओळ लिहिताना या बापाच्या मनात काय आले असेल, याचा विचार आम्ही अनेकदा केला आहे.

गप्प करणे ही एक रीत झाली. दुसरी रीत मुलाच्या हाती काम देण्याची. तिचे उदाहरण शोधायला आम्हांस लांब जावे लागत नाही. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० साली वाटेगावात झाला. वाटेगाव वाळवा तालुक्यातले, आणि या तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे आमचे इस्लामपूर. (२०२५ मध्ये त्याचे ईश्वरपूर असे नामांतर झाले, जिभेवर अजून जुनेच नाव येते.) त्यांच्या ‘फकिरा’ या १९५९ च्या कादंबरीत फकिराचा बाप राणोजी शिगावच्या जत्रेतून जोगणी आणायला निघतो. जोगणी ज्या गावात येईल त्या गावाला जत्रेचा मान. राणोजी ती आणतो, पण त्यात त्याचा घात होतो. वाटेगाव आणि शिगाव, दोन्ही गावे आमच्या तालुक्यातलीच असल्यामुळे हा प्रसंग वाचताना आम्हांला वाट, शिव आणि ओढा दिसू लागतो. दुसऱ्या कोणाला तो निव्वळ पराक्रमाचा वाटेल.

राणोजीसाठी सारे गाव रडते. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मान्य केलीच पाहिजे. श्यामचे दुःख एका कर्जबाजारी घरात कोंडलेले होते. फकिराचे दुःख गावाच्या मालकीचे आहे. त्याला बापाबद्दल कोणी खोटे सांगत नाही. बाप कसा गेला, कोणासाठी गेला, हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. त्यामुळे अपराधाची भावना त्याच्या वाट्याला येत नाही. येते ते देणे. बापाने गावासाठी जीव दिला, आता तू त्याला शोभशील असा हो. फकिरा तसा होतो. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो आणि शेवटी आपल्या माणसांची सुटका व्हावी म्हणून स्वतःला सरकारच्या हवाली करतो. कादंबरी म्हणून हे भव्यच आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. आमची शंका लहानशी आहे. बापाच्या मागे फकिरा कधी नुसता पोरका पोर झाला काय? बापाचा मोठेपणा वेगळा ठेवून, ज्याच्या खांद्यावर बसून तो जत्रा बघायला गेला असेल त्या बापासाठी, तो कधी रडला काय?

बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हणणारे काका-मामा प्रत्येक जातीधर्मात आहेत. आमच्या ख्रिस्ती घरांतही ते आहेत. त्या मुलाचा ताठ झालेला कणा पाहून सगळ्यांना बरे वाटते. तो कणा ताठ ठेवण्यासाठी काय गिळावे लागले, हे पुढे त्याच्या बायकोला आणि मुलांना कळते.

मुलींच्या बाबतीत तर ‘कर्ता’ हा शब्दही खर्च होत नाही. सरळ चूल दाखवली जाते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. तिची कथा यमू स्वतः सांगते. लहान यमूच्या नजरेने घर पाहताना आई हाच त्या घराचा आधार आहे, हे वाचकाला न सांगता कळते. ती आई जाते, वडील दुसरे लग्न करतात, आणि यमूच्या दुःखाचा कोणी विचार करण्यापूर्वीच तिच्यावर पुढचे आणि त्याहून मोठे घाव पडू लागतात. त्या काळच्या विधवेच्या छळाविरुद्धची कादंबरी म्हणून ती वाचली जाते, तेही रास्तच आहे. पण तिच्या नावातला प्रश्न आईवेगळ्या मुलीलाही तंतोतंत लागू पडतो. सव्वाशे वर्षांनंतरही मराठीत आईवेगळ्या मुलाच्या मानाने आईवेगळ्या मुलीचे मन फार थोड्या ठिकाणी आले आहे. ज्या वयात मुलगा शोक करतो असे कादंबरी म्हणते, त्या वयात मुलगी धाकट्याला भरवीत असते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर या सर्वांहून निराळा आहे. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. पांडुरंग पापनिवेदन करीत नाही, कोणाचे देणे फेडत नाही. तो बिथरतो. घरावर, जन्म देणाऱ्यांवर, सगळ्या व्यवस्थेवर तो असा उसळतो, की सभ्य वाचकाने पुस्तक मिटावे. आमच्या ओळखीतल्या काही सात्त्विक वाचकांनी ते तिथे मिटलेही. आम्ही त्यांना एवढेच सुचवू, की पवित्र शास्त्रातला ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तेव्हा त्याचाही स्वर फारसा सभ्य नसतो. मनीचे मरण टाळता येण्याजोगे होते, ही यातली खरी आग आहे. देवीची लस तेव्हा अस्तित्वात होती. त्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदवला गेला आणि पुढे तो रोग जगातून गेला. जे मरण टळू शकले असते, त्याच्यामागे कोणी तरी दोषी असलाच पाहिजे असे मन म्हणत राहते, आणि दोषी सापडला नाही तर ते घरातल्याच माणसांकडे वळते.

इस्लामपुराने हे फार जवळून पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये परदेशाहून परतलेल्या एका कुटुंबात वीसहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले आणि साऱ्या राज्याच्या वर्तमानपत्रांत आमच्या गावाचे नाव झळकले. रस्ते बंद झाले, गल्ल्या बांबूंनी अडवल्या गेल्या. त्यांपैकी बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी आले, आणि आमच्या गावाने साथ कशी आटोक्यात आणली याचे कौतुकही झाले. पण त्या दिवसांत एक प्रश्न घराघरांत शिरला आणि तो पुढची दोन वर्षे बाहेर पडला नाही : हे घरात आणले कोणी? २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, सांगली-साताऱ्याच्या गावोगावी माणसे जाऊ लागली तेव्हा हा प्रश्न जेवणाच्या ताटावर, फोनवर, दवाखान्याच्या दारात विचारला जात होता. मोठी माणसे तो एकमेकांना विचारीत होती. शेजारी बसलेले मूल तो ऐकत होते. ते तर क्रिकेट खेळून आले होते. शेजारच्या मित्राकडे अभ्यासाला जाऊन आले होते. मुखपट्टी न लावता दुकानातून दूध आणणारे तेच होते.

त्या मुलाने आईचा देह पाहिला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले काही तरी कोणी तरी, कुठे तरी नेले. अंत्यविधीला घरचीही मोजकी माणसे. चहाबिस्किटे देणारी शेजारीणसुद्धा दारात येऊ शकत नव्हती.

शासनाने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये घेतला; केंद्राने अशाच मुलांना वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळतील अशी योजना केली. एक पालक गेलेल्यांसाठी बालसंगोपन योजनेचे साहाय्य होते. हे पैसे लागतातच, आणि त्यांना नाके मुरडणाऱ्यांनी आधी शाळेची फी भरून पाहावी. परंतु या कोणत्याही अर्जात ‘हे घरात मी आणले काय?’ यासाठी रकाना नव्हता, आणि असण्याची अपेक्षाही नाही. तो रकाना घराने, शेजाराने, शाळेने, धर्मग्रामाने ठेवायचा होता. त्या वेळी आठ-नऊ वर्षांची असलेली ती मुले आता दाढीमिशा फुटण्याच्या वयात आली आहेत. श्यामचा अनुभव खरा मानायचा तर त्यांची ती गोष्ट सांगण्याची वेळ अजून यायची आहे.

शिष्यांनी प्रभू येशूला एका जन्मांधाकडे बोट दाखवून नेमका हाच प्रश्न केला होता : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. पाप याचेही नाही आणि आईबापांचेही नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. म्हणून दुःखी मुलाला ‘तुझी काही चूक नाही’ असे सांगण्यास आपल्याला शास्त्राधार आहे. अडचण ते कधी सांगायचे, याची आहे. आपण ते फार लवकर सांगतो. मूल तोंड उघडते न उघडते तोच आपण हे वाक्य त्याच्या तोंडावर ठेवतो, कारण पुढचे ऐकण्याची आपलीच छाती होत नाही.

समजा, बापाच्या शेवटच्या संध्याकाळी त्याने मुलाजवळ पाणी मागितले आणि मुलगा मोबाईलवर खेळत होता म्हणून उठला नाही. बाप रात्री गेला. आता मुलगा म्हणतो, मी पाणी दिले नाही. यावर ‘छे, त्यात काय एवढे’ हे उत्तर दयाळू असले तरी खोटे आहे. त्याने पाणी दिले नाही, हे खरे आहे. ते त्याला लागले, हेही खरे आहे, आणि ते लागले याचे कारण त्याचे बापावर प्रेम होते. ‘त्यात काय एवढे’ म्हणताना आपण त्या प्रेमालाही क्षुल्लक ठरवतो; मुलाला ते बरोबर कळते, आणि तो पुन्हा आपल्याकडे येत नाही. येथे निष्कपट उत्तर दोन भागांत द्यावे लागते. होय, तू उठला नाहीस. ती आळसाची एक लहान चूक होती, आणि बाबा दुसऱ्या दिवशी ती विसरूनही गेले असते. बाबा गेले ते फुप्फुसांच्या आजाराने. तुझ्या पाण्याने ते आले नसते की थांबले नसते. पहिला भाग न बोलता दुसरा बोललो, तर मुलाचा विश्वास बसत नाही.

चांगला धर्मगुरू प्रायश्चित्ताच्या आसनावर बसून दुसरे काय करतो? समोरचा डोंगराएवढे पाप घेऊन येतो. तो ते ऐकून घेतो, नाकारीत नाही, आणि त्याच्या खऱ्या मापावर आणून ठेवतो. या संस्काराची सवय असलेल्या समाजाला हे काम इतरांपेक्षा सोपे जायला हवे होते. सात वर्षांच्या मुलाला दोष कसे मोजायचे ते आपण शिकवले, पण न केलेला दोष परत कसा ठेवायचा हे शिकवायचे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात राहून गेले आहे.

ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहिले, असे शास्त्र सांगते. त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच. आठव्या दिवशी ते कारणे सांगू लागले, आणि सगळे बिघडले.

यावर एक आक्षेप आम्हांस ऐकवला जाईल, आणि तो वाजवी आहे. मूल विसरले असेल तर उकरून कशाला काढायचे? सगळीच मुले श्यामसारखी बोलकी नसतात. हे आम्ही मान्य करतो, आणि त्यासाठी आणखी एका मुलाचे नाव घेतो. प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह १९९४ साली आला, त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. या कथांतील लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. पहिल्या पुस्तकाचे नावच त्याच्या मनाची स्थिती सांगते. स्वतः संत १९३७ साली जन्मले, वडील ना. मा. संत १९४६ मध्ये गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि आजोळीच वाढले. पुढे ते आमच्या शेजारच्या कराडात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्यातल्या त्या मुलाला पुस्तकात जागा मिळाली.

लंपन दुःखावर बोलत नाही. त्याला बेळगावकडच्या कानडी वळणाच्या बोलीत झाडे, रस्ते, रेल्वे आणि मित्र यांच्याबद्दल भरभरून सांगायचे असते, आणि साध्या गोष्टीलाही तो प्रचंड मोठे आकडे लावतो. आईची आठवण मधेच कोठून तरी येते आणि तो पुन्हा दुसऱ्या कशाला तरी लागतो. अशा मुलाला समोर बसवून ‘सांग, तुला काय वाटते?’ असे विचारणे हा जुलूम होईल. त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या रस्त्याने चालत जावे, तो झाडांचे सांगेल ते ऐकावे, आणि परत येताना तो मधेच थांबला तर आपणही थांबावे.